एनआरई एफडीवर बँकेने टीडीएस कापलाय, पैसे परत कसे मिळवायचे?

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही २०१९ पासून मस्कतला नोकरीला आहात, चिपळूणच्या एका ब्रँचमध्ये तुमचं एनआरई खातं (म्हणजे बाहेर राहणाऱ्या भारतीयाचं, परदेशातली कमाई ठेवायचं खातं) आणि त्यावर २० लाखांची एफडी आहे, ती एप्रिल २०२५ मध्ये रिन्यू झाली, मुखत्यारपत्र वडिलांकडे असल्यामुळे ब्रँचचं सगळं तेच बघतात, आणि आता २६एएस (तुमच्या पॅनवर कुठे किती कर कापला याचा आयकर खात्याचा तक्ता) काढल्यावर तुम्हाला दिसलं की वर्षभराचं १,४३,७१८ रुपये व्याज दाखवून त्यावर १४,३७२ रुपये टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, कापलाय आणि तो तुमच्या एनआरई सेव्हिंगमधून वळता करून घेतलाय. ब्रँच म्हणते सिस्टीमने कापलंय, आमच्या हातात काही नाही, रिटर्न भरून घ्या. गावातले रिटर्न भरणारे म्हणतात साधा आयटीआर-१ भरतो, बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, सगळे पैसे परत. आणि त्यातच २०२३-२४ मध्ये २० टक्क्यांनी काहीतरी कापलं होतं ते तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पैसे परत मिळतात, ती काळजी करू नका. पण तुमचा खरा प्रश्न फक्त १४,३७२ रुपयांचा नाहीये. बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये तुम्ही आजही भारतात राहणारा माणूस म्हणून नोंदलेले आहात, टीडीएस हा त्याचा परिणाम आहे. म्हणून गेलेले पैसे परत आणायचं काम वेगळं आणि नोंद दुरुस्त करायचं काम वेगळं. पहिलं इन्कम टॅक्सच्या दारात होतं, दुसरं बँकेच्याच दारात होतं, आणि लोक नेमकं यातलं एकच करतात, मग पुढच्या वर्षी पुन्हा तोच फेरा. मी रत्नागिरीत बरीच वर्षं हे काम करतोय, माझ्याकडचे निम्मे लोक आखातात नाहीतर बोटीवर, त्यामुळे हा प्रकार दरवर्षी जून-जुलैत दोन-चार घरांत तरी बघायला मिळतोच.

आधी कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, म्हणजे ब्रँचमध्ये बोलताना अडखळायला होणार नाही. एनआरई खात्यावरचं व्याज, सेव्हिंगचं असो की एफडीचं, आयकर कायदा १९६१ च्या कलम १०(४) मध्ये करमुक्त आहे. ही बँकेने दिलेली सवलत नाही आणि त्यासाठी कुठलाही फॉर्म दरवर्षी द्यायचा नसतो. लोक १५जी, १५एच भरायला धावतात, पण ते फॉर्म भारतात राहणाऱ्यांसाठी आहेत, एनआरआयने ते भरायचेच नसतात, उलट तो फॉर्म दिलात तर आपणच लिहून दिल्यासारखं होतं की मी इथला रहिवासी आहे. वडिलांना विचारा, ब्रँचमध्ये कोणी भलेपणाने असा फॉर्म भरून तर घेतला नाही ना.

आता यातली अट. ही सूट मिळते ती फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने भारताबाहेर राहणाऱ्याला. इथे खूप जण गोंधळतात कारण त्यांच्या डोक्यात १८२ दिवसांचा हिशोब पक्का बसलेला असतो. तो हिशोब आयकराचा रहिवासी दर्जा ठरवायला आहे. एनआरई व्याजाची सूट मात्र फेमाच्या व्याख्येवर उभी आहे आणि तिथे माणूस नोकरीसाठी किंवा धंद्यासाठी बाहेर गेलाय का, हे आधी बघतात. म्हणजे समजा एखाद्या वर्षी आजारपणामुळे तुम्ही सुट्टी वाढवत वाढवत सात महिने घरी राहिलात पण नोकरी मस्कतचीच आहे, तर आयकराच्या हिशोबात कदाचित तुम्ही त्या वर्षी रहिवासी व्हाल, पण तेवढ्यावरून एनआरईचं व्याज आपोआप करपात्र होत नाही. अशा वर्षात दोन्ही दर्जे वेगवेगळे तपासावे लागतात, ते अंदाजाने करू नका. तुमच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय की वर्षाला एखादा महिनाच येणं होतं, त्यामुळे दोन्हीकडून तुम्ही बाहेरचेच.

तरीसुद्धा टीडीएस चुकीचाच आहे असं मी लगेच म्हणणार नाही, कारण कधीकधी बँकेचं बरोबर असतं. एफडीची पावती हातात घ्या आणि तिच्यावर खात्याचा प्रकार काय छापलाय ते बघा. एप्रिलमध्ये रिन्यू करताना ती एनआरईचीच राहिली की साधी किंवा एनआरओ (एनआरआयच्या भारतातल्या कमाईच्या खात्याची) एफडी होऊन बसली? मुदत संपल्यावर पैसे एकदा एनआरओमध्ये उतरले आणि तिथून नवी एफडी केली, असं झालं असेल तर ते व्याज करपात्रच आहे, मग तो पैसा मुळात मस्कतहून आलेला असला तरी. दुसरं, पहिलं नाव कोणाचं आहे? एनआरईमध्ये इथले जवळचे नातेवाईक दुसरे धारक म्हणून चालतात, पण वडिलांचं नाव पहिलं आणि पॅन वडिलांचा असेल तर ती एनआरई नव्हेच. तुमच्या २६एएसमध्ये दिसतंय म्हणजे पॅन तुमचाच लागलाय, हे चांगलं आहे. आणि तिसरं, तुम्ही कायमचे परत आला असाल तर. तुम्ही आला नाहीत, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी आला असेल तर त्यांनी लक्षात घ्या की इथे राहायला म्हणून परत आल्यावर एनआरई खातं रहिवासी खात्यात बदलून घ्यायचं असतं नाहीतर पैसे आरएफसी खात्यात (परत आलेल्यांच्या परकीय चलन खात्यात) हलवायचे असतात, आणि तेव्हापासूनच्या व्याजाला ही सूट नाही. बँकेला कळवलं नाही म्हणून सूट चालू राहत नाही.

पावतीवर एनआरई आहे, पहिलं नाव तुमचं आहे, नोकरी बाहेर आहे, एवढं पक्कं झालं की मग २६एएसमधल्या त्या ओळींकडे या. तिथे प्रत्येक ओळीला कलम लिहिलेलं असतं आणि माझ्या मते सगळं निदान त्या एका रकान्यात आहे. कलम १९४ए आणि दर १० टक्के दिसला, जसा तुमच्याकडे दिसतोय, तर बँकेने तुम्हाला रहिवासी धरलंय, कारण १९४ए हे कलमच रहिवाशांच्या व्याजासाठी आहे. १९४ए आहे पण २० टक्के दर, तर रहिवासी धरलंय आणि वर पॅनची काहीतरी भानगड आहे. आणि कलम १९५ दिसलं, दर ३१.२ टक्के, म्हणजे ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, तर बँकेने तुम्हाला एनआरआय बरोबर धरलंय पण खातं एनआरओ समजून कापलंय. तुमच्याच व्याजावर १९५ लागलं असतं तर ४४,८४० रुपये गेले असते. आणि गंमत नाही, खरं सांगतो, १९५ चा शब्दच असा आहे की कायद्याने करपात्र असलेल्या रकमेवर कापा, मग जे करपात्रच नाही त्यावर कापायचा प्रश्न येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये जीई इंडिया टेक्नॉलॉजी सेंटरच्या खटल्यात हेच स्पष्ट केलंय.

मग बँक तुम्हाला रहिवासी का धरते? याचं उत्तर मला एकदा प्रत्यक्ष स्क्रीनवर दिसलं होतं ते सांगतो. गुहागरकडचे एक गृहस्थ बोटीवर नोकरीला, त्यांची आई माझ्याकडे कागद घेऊन आली. एफडीच्या पावतीवर ठळक एनआरई छापलेलं, तरी तीन तिमाह्या १९४ए खाली टीडीएस. मी त्यांच्यासोबत ब्रँचमध्ये गेलो. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी मॉनिटरच आमच्याकडे फिरवला. वर खात्याच्या पानावर एनआरई. पण त्यांनी कस्टमरचं पान उघडलं तर तिथे टॅक्स स्टेटसच्या चौकटीत रेसिडेंट. झालं असं होतं की कॉलेजात असताना काढलेलं त्यांचं एक जुनं सेव्हिंग खातं तसंच पडून होतं, ते कधी एनआरओ केलंच नाही, आणि बँकेने एक पॅन एक कस्टमर आयडी करायच्या नादात दोन्ही आयडी एकत्र केले तेव्हा जुन्या आयडीचा रहिवासी दर्जा नव्यावर बसला. टीडीएसचं प्रोग्रॅम खात्याचं नाव बघतच नव्हतं, ते कस्टमरचं पान बघत होतं. घरी परत आल्यावर आईने देवघराखालच्या खणातून बँकेची तीन पाकिटं काढली, न फोडलेली, केवायसी अद्ययावत करा म्हणून. मुलगा समुद्रावर, पत्र घरी, कोण उघडणार.

म्हणून वडिलांना पहिलं हेच विचारा की तुमचं मस्कतला जायच्या आधीचं एखादं साधं सेव्हिंग खातं अजून चालू आहे का, त्याच बँकेत किंवा दुसऱ्या कुठेही. असेल तर ते एनआरओ करून घ्यायलाच हवं, बाहेर नोकरीला गेल्यावर साधं रहिवासी खातं तसंच ठेवता येत नाही, फेमाचा नियम आहे. ही आपल्या बाजूची चूक असते आणि ती आपणच निस्तरायला हवी.

बँकेला अर्ज कसा द्यायचा ते सांगतो, कारण तोंडी बोलून काही होत नाही. अर्ज तुमच्या सहीचा हवा, मस्कतहून ईमेलने तुमच्या रजिस्टर्ड आयडीवरून पाठवा आणि त्याचीच प्रिंट वडिलांनी ब्रँचमध्ये देऊन शिक्का आणि तारखेसकट पोहोच घ्यावी. सोबत पासपोर्ट, रेसिडेंट कार्ड किंवा व्हिसा, आणि एफडीच्या पावतीची कॉपी. त्यात तीन गोष्टी मागा. एक, माझ्या कस्टमर आयडीतला टॅक्स स्टेटस एनआरआय करा आणि कोणत्या तारखेपासून केला ते लिहून द्या. दोन, कापलेला टीडीएस उलटवा आणि तिमाही टीडीएस रिटर्न दुरुस्त करा. तीन, दुसरं शक्य नसेल तर तसं लेखी द्या, म्हणजे अमुक नंबरची ठेव एनआरई आहे, तिच्यावर इतकं व्याज दिलं आणि इतका टीडीएस नजरचुकीने कापला गेला. हे तिसरं पत्र मिळवायला लोक कंटाळा करतात पण माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी कागद तोच. उद्या आयकर खात्याने विचारलं तर तुमच्या बोलण्यापेक्षा बँकेचं पत्र वजनदार.

उलटवा म्हटल्यावर बँक नेहमीच नाही म्हणते असं नाही, ते वेळेवर अवलंबून आहे. बँक ज्या महिन्यात कापते त्याच्या पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत तिला ते सरकारात भरायचं असतं, मार्चचं ३० एप्रिलपर्यंत, आणि तिमाहीचं रिटर्न त्यानंतर, एप्रिल ते जूनचं ३१ जुलैपर्यंत. या फटीत तुम्ही पकडलंत तर ब्रँच बऱ्याचदा हेड ऑफिसला लिहून रक्कम परत जमा करून देते. एकदा पैसे सरकारात गेले, रिटर्न गेलं आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचं प्रमाणपत्र, निघाला की मग बँकेचा उत्साह संपतो, दुरुस्तीचा रस्ता त्यानंतरही असतो पण ती कटकट कोणी करत नाही. तुमच्या चारही तिमाह्या होऊन गेल्यात त्यामुळे २०२५-२६ चे पैसे रिटर्नमधूनच येतील असं धरून चाला. पण चालू वर्षाची पहिली तिमाही नुकतीच संपलीये, त्यात पण कापलं असणार, तिच्यासाठी आजच अर्ज टाका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट आहे, वकील लागत नाही, फक्त बँकेला आधी लेखी दिल्याचा पुरावा लागतो, म्हणून ती पोहोच जपा.

आता त्या आयटीआर-१ च्या सल्ल्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की ठाण्याच्या फ्लॅटचं महिना १८,००० भाडं एनआरओमध्ये येतं. वर्षाचे २,१६,०००, त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की १,५१,२०० उरतात. त्यात हे व्याज मिळवलं तरी २,९४,९१८ होतात आणि नव्या करपद्धतीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत कर शून्य आहे. म्हणजे आकड्यापुरतं बघितलं तर ते म्हणतात तसं पैसे परत येतील. मी हे लपवत नाही. पण तरी तो रस्ता घेऊ नका असं मी अगदी कळकळीने सांगतो, आणि कारण ऐका.

आयटीआर-१ हा फॉर्म फक्त इथल्या पक्क्या रहिवाशासाठी आहे. तो भरलात की तुम्ही सरकारला सहीनिशी सांगितलं की मी भारतात राहतो. पक्क्या रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. मग मस्कतचा पगार कुठे दाखवलात? तिथलं बँक खातं परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात का नाही? त्या तक्त्याची माहिती दडवली तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड लागू शकतो. तुम्ही काहीही लपवलेलं नसताना १४ हजारांसाठी आपल्या हाताने असा कागद का तयार करायचा? आणि दुसरीकडे एनआरईचं व्याज करमुक्त असण्याचा आधारच तुम्ही बाहेर राहता हा आहे, तोच तुम्ही खोडून टाकता. बारा लाखांची जी गोष्ट सांगतात ती ८७ए ची रिबेट, म्हणजे करात मिळणारी सूट, तीही रहिवाशांनाच आहे, एनआरआयला नाही, तुम्हाला सूट फक्त ४ लाखांची. आज बसतंय, उद्या एफडी वाढली किंवा भाडं वाढलं की नाही बसणार, आणि तोपर्यंत तीन वर्षं तुम्हीच ते व्याज करपात्र म्हणून दाखवलेलं असेल. ते गृहस्थ वाईट हेतूने सांगत नसतील, रोज पगारदारांचे फॉर्म भरणाऱ्याला हा कोपरा माहीत नसतो.

तर भरायचा तो आयटीआर-२, दर्जा नॉन-रेसिडेंट. एक खुलासा, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण तुमचं हे रिटर्न २०२५-२६ च्या उत्पन्नाचं आहे त्यामुळे ते जुन्याच कायद्याने आणि जुन्याच नंबरांनी भरायचं. फॉर्ममध्ये भाडं घरमालमत्तेच्या तक्त्यात. एनआरओचं व्याज असेल तर ते इतर उत्पन्नात. आणि एनआरईचं सगळं व्याज करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात, म्हणजे शेड्युल ईआय मध्ये. सगळं म्हणजे एफडीचं आणि सेव्हिंगचं मिळून, टीडीएस कापला तेवढंच नाही.

आता जिथे लोक हमखास अडकतात ती जागा. टीडीएसच्या तक्त्यात बँकेच्या ओळी आपोआप भरून येतात. प्रत्येक ओळीत टीडीएसची रक्कम असते, आणि पुढे विचारलेलं असतं की हा टीडीएस ज्या उत्पन्नावर कापला ती रक्कम किती आणि ती तुम्ही कोणत्या शीर्षकाखाली दाखवलीत. बहुतेक जण तिथे सवयीने इतर उत्पन्न निवडतात. मग बंगळुरूचं सीपीसी, म्हणजे रिटर्न तपासणारं आयकर खात्याचं केंद्र, बघतं की टीडीएस मागितलाय १,४३,७१८ वरचा, शीर्षक इतर उत्पन्न, आणि त्या शीर्षकाखाली उत्पन्न तर दिसत नाही. कायद्याचा साधा नियम आहे की ज्या उत्पन्नाचा टीडीएस मागता ते उत्पन्न रिटर्नमध्ये दिसायला हवं. झालं, टीडीएसचं क्रेडिट नाकारलं किंवा कमी केलं, आणि रिफंडच्या जागी शून्य. त्या यादीत खाली करमुक्त उत्पन्न असा पर्याय आहे, तो निवडायचा आणि रक्कम १,४३,७१८ पूर्ण लिहायची. शेड्युल ईआय मधला आकडा याच्याइतका किंवा जास्त असला पाहिजे, कमी नको. एवढं जुळलं की माझ्याकडची बहुतेक प्रकरणं पहिल्या फेरीतच सुटलीत.

त्याआधी एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडे जमा झालेल्या तुमच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या माहितीचा तक्ता, पण उघडून बघा, तिथे हेच व्याज साध्या ठेवीचं व्याज म्हणून दिसत असेल. त्या ओळीवर फीडबॅक देता येतो, त्यात उत्पन्न करपात्र नाही हा पर्याय निवडून ठेवा. याने लगेच काही बदलत नाही पण नंतर कोणी विचारलं तर आपण आधीच सांगितल्याची नोंद राहते. आणि रिटर्न दाबायच्या दिवशी २६एएस पुन्हा एकदा ताजं काढा, कारण मधल्या काळात बँकेने खरंच दुरुस्ती करून ओळ काढून टाकली असेल आणि पैसे खात्यात जमा केले असतील तर तेच पैसे रिटर्नमधून परत मागायचे नाहीत. दोन्हीकडून मागितले तर ती आपली चूक.

रिटर्न ३१ जुलैच्या आत जाऊ द्या. उशिराचं ३१ डिसेंबरपर्यंत जातं आणि रिफंडही मिळतो, पण रिफंडवरचं व्याज, महिन्याला अर्धा टक्का, वेळेत भरलं तर १ एप्रिलपासून मोजतात आणि उशीर केला तर भरल्या दिवसापासून. हे रिफंडवरचं व्याज मात्र करमुक्त नाही, पुढच्या रिटर्नमध्ये ते इतर उत्पन्नात दाखवायचं. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायला विसरू नका, तुमचा इथला आधारचा मोबाईल नंबर बंद असेल तर ओटीपी येणार नाही, मग नेटबँकिंगमधून करा. रिफंडसाठी पोर्टलवर खातं आधी व्हॅलिडेट केलेलं लागतं, मी सगळ्यांना एनआरओच करायला सांगतो, त्यात वाद येत नाही. एवढं करूनही १४३(१) च्या, म्हणजे रिटर्न तपासून आलेल्या सूचनेत क्रेडिट कापलेलं आलं तर घाबरू नका, फॉर्ममध्ये शीर्षक चुकलं असेल तर सुधारित रिटर्न, आणि आपलं बरोबर असून सीपीसीनेच चुकवलं असेल तर कलम १५४ खाली रेक्टिफिकेशन, दोन्ही ऑनलाइन होतं. बँकेचं ते पत्र अशा वेळी कामाला येतं.

राहिलं २०२३-२४. तुम्ही फक्त २० टक्के एवढंच लिहिलंय, पण वर्ष बघून मला कारण जवळजवळ दिसतंय. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. एनआरआयला जोडणीतून सूट आहे, पण ती सूट आयकर खात्याला तुम्ही एनआरआय आहात हे माहीत असेल तरच लागू पडते. पोर्टलवरच्या प्रोफाईलमध्ये रहिवासी असंच राहिलेल्या आखातातल्या कितीतरी जणांचे पॅन तेव्हा निष्क्रिय झाले आणि बँकांनी २० टक्के लावले. आज आधी पोर्टलवर जाऊन पॅन चालू आहे का ते बघा, कारण पॅन निष्क्रिय असेल तर या वर्षीचा रिफंडही अडकेल, मग वरचं सगळं करून उपयोग नाही. निष्क्रिय दिसला तर तुमच्या हद्दीतल्या आयकर अधिकाऱ्याला पासपोर्टची पानं आणि बाहेर राहत असल्याचा पुरावा जोडून एनआरआय दर्जा कळवायचा. मी म्हणेन सगळ्यात आधी हेच करा.

त्या जुन्या वर्षाच्या रिटर्नची मुदत संपलेली आहे आणि अपडेटेड रिटर्न म्हणजे आयटीआर-यू रिफंड मागायला चालत नाही, त्यामुळे कोणी त्याचे पैसे घेऊन भरून देतो म्हणालं तर नको म्हणा. त्यासाठी कलम ११९(२)(बी) खाली विलंबमाफीचा अर्ज असतो, पोर्टलवरूनच करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या सीबीडीटी परिपत्रकाप्रमाणे संबंधित करनिर्धारण वर्ष (म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांत हा अर्ज करता येतो, म्हणजे २०२३-२४ साठी तुमच्याकडे ३१ मार्च २०३० पर्यंत वेळ आहे. अर्जात उशीर का झाला ते खरं खरं आणि साध्या शब्दांत लिहा, बाहेरगावी होतो, व्याज करमुक्त असल्यामुळे कापलं जाईल अशी कल्पनाच नव्हती, अमुक तारखेला २६एएस बघितल्यावर कळलं. मंजूर झाला की मग त्या वर्षाचं रिटर्न भरायचं. अशा रिफंडवर व्याज मिळत नाही आणि मंजुरीला किती महिने लागतील हे अधिकाऱ्यावर आहे, त्यामुळे रक्कम चारपाचशेच असेल तर एवढा खटाटोप करायचा का ते तुम्ही ठरवा. आठ-दहा हजार असतील तर मी तरी सोडणार नाही, तो तुमचा तिकडे उन्हात कमावलेला पैसा आहे.

टॅक्स स्टेटस बदलून झालाय असं बँकेने सांगितलं तरी सप्टेंबरअखेर व्याज जमा होईल तेव्हा एनआरई सेव्हिंगचं स्टेटमेंट उघडून बघा, टीडीएस नावाची ओळ नसली तर समजा काम झालं. वडिलांना बँकेची पाकिटं आली की फोडून व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायला सांगून ठेवा.

आणि पावतीवरचा खात्याचा प्रकार आणि २०२३-२४ च्या ओळीतलं कलम व व्याजाची रक्कम बघून इथेच कळवा, म्हणजे त्या वर्षाच्या अर्जात काय मुद्दे घ्यायचे ते मी लिहून देतो. पॅन, खाते नंबर किंवा पावतीचा फोटो मात्र इथे टाकू नका.